आपणच आपले फौजदार

कास रस्त्याला ज्यांनी ज्यांनी चार खोल्या आणि एक 'व्ह्यू पॉइंट' बांधलाय, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे. फुकट आहे, म्हणून कमी लेखू नका.

तुमचं दुःख मला कळतं. 2012 साली कासचं फुलांचं पठार युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून बामणोलीपर्यंत सगळ्यांना वाटलं, आता पांग फिटले. फिटलेही असते. पण मध्येच दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं. जांभ्यावरच्या बोटभर मातीत तेरडा फुलणार काही आठवडे, त्यातले शनिवार-रविवार किती, आणि त्यालाही आकडा! तुमचं चुकलं ते इथेच. दुसऱ्याने नियम करेपर्यंत तुम्ही गप्प बसलात.

अंटार्क्टिकावाल्यांनी ही चूक केली नाही. 1991 साली माद्रिदला त्या खंडाच्या पर्यावरणाचा करार झाला आणि त्याच वर्षी तिथे पर्यटक नेणाऱ्या सात कंपन्यांनी एकत्र येऊन आयाटो नावाची संघटना काढली. सरकारं मसुद्यातले स्वल्पविराम तपासत होती, तोवर यांची नियमावली तयार. तेव्हा पहिली पायरी ही: संघ काढा. लेटरहेडवर एखादं फूल छापा. सभासद होणं ऐच्छिक ठेवा. जो होणार नाही तो आपल्या कक्षेत येत नाही, असं नंतर म्हणता येतं.

आता नियम. ते कडक हवेत, दिसायलाही आणि पाळायलाही. तिकडे पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहावं लागतं. किनाऱ्यावर उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवतात, कपड्यांच्या शिवणीत अडकलेलं गवताचं बी व्हॅक्यूमने ओढून काढतात. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं. हे सगळं ते खरोखर मनापासून करतात, यात मला जराही शंका नाही. पर्यटक तर भारावून जातो. ज्या माणसाने यवतेश्वरच्या घाटात वेफर्सची पिशवी खिडकीबाहेर टाकली, तोच तिथे खिशाच्या कोपऱ्यातली कुसळं चिमट्याने वेचत बसतो.

पण मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सगळी कला यातच आहे. शंभराचा आकडा एका वेळचा आहे. हे शंभर होडीत बसले की पुढचे शंभर उतरतात. काही जागांना दिवसाला किती जहाजं यावीत याचीही मर्यादा आहे. एका हंगामात मिळून एकंदर किती माणसं यावीत, याला मात्र नाही. संघटना निघाली तेव्हा हंगामाला सहा-सात हजार पर्यटक जात. 2023-24च्या हंगामात हा आकडा 1 लाख 20 हजारांच्या पुढे गेला, त्यातले बरेच जहाजावरूनच बघून परतले. एकाही नियमाला धक्का न लावता! पाय कसा ठेवायचा हे ठरवा, किती पाय ते विचारू नका. कासला तुम्ही उलट केलंत. तिथे आकडा आला आणि कुंपण मात्र घालून पुन्हा काढावं लागलं.

कुणी मोजमाप काढलंच तर बिचकू नका. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की जहाजांच्या वगैरे काजळीमुळे तिकडे दर पर्यटकामागे सुमारे 83 टन बर्फ लवकर वितळतं. यावर उत्तर तयार आहे: बूट धुतले होते. शिवाय परतलेला प्रत्येक प्रवासी त्या खंडाचा 'राजदूत' होतो, असं ही मंडळी सांगतात. लाखभर राजदूत दरवर्षी! काजळीला आयुष्यात इतका मान मिळाला नसेल.

जागा निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. उत्तरेकडे, आर्क्टिकमध्येही 2003 पासून अशीच संघटना आहे. पण तिथल्या स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेची सत्ता आहे आणि सत्ता असली की तिला अधूनमधून जाग येते. 2025 पासून तिथल्या संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांची जहाजं बंद, अस्वलापासून निदान तीनशे मीटर लांब. हे नियम संघटनेचे नाहीत, कायद्याचे आहेत. म्हणून धंदा दक्षिणेकडेच बरा. सात देशांनी त्या खंडावर हक्क सांगितलेत आणि 1959च्या अंटार्क्टिक कराराने ते सगळे जिथल्या तिथे गोठवून ठेवलेत. म्हणजे सातबारा नाही, तलाठी नाही, मोजणी नाही. आपल्याकडे बांधावरच्या वितभर जागेसाठी तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि तिथे अख्खा खंड मालकाविना. असलं भाग्य सातारा जिल्ह्यात कुणाला लाभायचं नाही.

आणि तिथला कारभारही आपल्या सोयीचा. करारातले निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतात, म्हणजे एकाने मान आडवी हलवली की पुढच्या वर्षी भेटू. 2024 च्या मे महिन्यात करारातल्या देशांची बैठक आपल्याच कोचीला झाली. पर्यटनाचं नियमन कसं करावं, याचा आराखडा करायला गट नेमला गेला. गट नेमला म्हटल्यावर तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला आणखी काय सांगायचं? ग्रामपंचायतीत तुम्ही बसलाच आहात.

राहता राहिला अपघात. 23 नोव्हेंबर 2007 ला 'एक्सप्लोरर' हे पर्यटक जहाज तिथल्या बर्फाला धडकून बुडालं. जहाज संघटनेतल्याच कंपनीचं. सगळी 154 माणसं वाचली, जवळच दुसरं पर्यटक जहाज होतं म्हणून. गर्दीचे फायदे सांगताना हे उदाहरण जरूर द्या. त्याच्या टाकीतलं डिझेल समुद्रात गेलं, ते सांगितलं नाही तरी चालेल. असं झालं तर भरपाई कुणी द्यायची, याचं माद्रिद कराराला जोडलेलं परिशिष्ट 2005 सालीच स्टॉकहोमला मंजूर झालंय. ते अमलात यायला सगळ्या संबंधित देशांची संमती लागते आणि ती अजून पुरी झालेली नाही. तुमच्या संघाच्या घटनेत नुकसानभरपाईचं कलम याच धर्तीवर घाला, शक्यतो शेवटच्या पानावर, आणि खाली लिहा: सर्व सभासदांच्या सह्या झाल्यावर लागू.