अण्णा, बर्बन आणि माझं नाक

अमेरिकेतल्या केंटकीत माणसांपेक्षा बर्बनची, म्हणजे इथल्या मक्याच्या व्हिस्कीची, पिंपं जास्त आहेत. थट्टा नाही, खरंच. त्यामुळे नोकरीसाठी लुईव्हिलला आलो तेव्हा ऑफिसातल्यांनी घर मिळालं का हे नंतर विचारलं, बर्बन कुठली आवडते हे आधी. आता आमचं यातलं सगळं शिक्षण कराडच्या हायवेवरच्या परमिट रूममधलं. क्वार्टर, सोडा, बर्फ, आणि खरी चर्चा चकण्यावर. दारूला चव असते हे आम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून तर सोडा घालायचो.

शेजारच्या रिटायर्ड गृहस्थांना माझी दया आली. त्यांनी खाली फुगीर आणि वर निमुळता असा एक छोटा ग्लास दिला आणि शिकवणी सुरू केली. सोडा नाही, बर्फ नाही, चकणा तर नाहीच नाही, फार झालं तर दोन थेंब पाणी. ग्लास नाकाशी न्यायचा पण नाक आत खुपसायचं नाही, आणि वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर अल्कोहोलचा भपका नाकाला झोंबतो. मग घोट घ्यायचा आणि चावायचा. हो, चावायचा! जिम बीम या बर्बनवाल्या घराण्यातले बुकर नो असं मचमच करत चव घ्यायचे म्हणून याला केंटकी च्यू म्हणतात. गिळल्यावर छातीत उतरते ती ऊब म्हणजे केंटकी हग, आमच्याकडे यावर इनो घेतात.

एवढं सगळं झाल्यावर तोंडी परीक्षा. काय काय येतंय सांग. त्यांना व्हॅनिला येतो, कॅरॅमल येतं, चेरी येते, जुनं लेदर येतं, तंबाखू येतो. मला येतो तो नुकतंच पॉलिश मारलेल्या कपाटाचा वास, पहिल्या घोटालाही तोच आणि शेवटच्यालाही तोच. मला आधी वाटलं हे लोक फेकतात. पण वाचलं तर बर्बनमध्ये बाहेरून रंग किंवा फ्लेवर घालायला कायद्यानेच बंदी, धान्यात निदान 51 टक्के मका पाहिजे, आणि मुरवायची ती आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच. तो व्हॅनिला लाकडातूनच येतो म्हणे. म्हणजे लोक खरं बोलत होते, नाक माझंच ढ.

मग नाकाचा रियाज सुरू झाला. मसाल्याचा डबा उघडून लवंग कुठली दालचिनी कुठली, डोळे मिटून. एके रात्री बायको पाणी प्यायला उठली तेव्हा मी शू रॅकसमोर मांडी घालून ऑफिसच्या बुटाचा वास घेत होतो. लेदर नोट शोधतोय म्हटलं. ती काही बोलली नाही, नुसती लाइट बंद करून गेली.

आणि अशात सासरे आले. अण्णा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते, सगळी नोकरी स्पिरिटच्या वासात गेली, पण माणूस माळकरी, आयुष्यात थेंब तोंडात घेतलेला नाही. त्यांनाच डिस्टिलरी बघायची होती. बार्ड्सटाउनजवळच्या एका टूरला आम्ही तिघं गेलो.

गाइड बिचारी पाठ केलेलं बोलत होती, जुन्या घाणीतलं थोडं आंबवण नव्या घाणीत घालतात, यालाच सावर मॅश म्हणतात वगैरे. मी अण्णांना म्हटलं, म्हणजे आपलं विरजण. अण्णा म्हणाले, "विरजण कसलं जावईबापू? ते भट्टीतून उकळून आलंय, त्यात यीस्ट जिवंत राहील का? हे पीएच खाली आणायला." गाइडला इंग्रजीत सांगितलं तर ती थांबलीच. नंतर अण्णा विचारत गेले, मी ट्रान्सलेट करत गेलो, टूरमधली बाकी पब्लिक ऐकत गेली. रिकव्हरी किती? स्पेंट वॉशचं, म्हणजे स्पिरिट काढून उरलेल्या पाण्याचं, काय करता? गुरांच्या खाद्यात जातो म्हटल्यावर अण्णा हळहळले, कारण त्यांची अर्धी नोकरी मळीच्या स्पेंट वॉशपायी गावकऱ्यांच्या शिव्या खाण्यात गेलेली.

स्पिरिट 80 टक्के अल्कोहोलच्या वर काढायचं नाही असा नियम आहे हे कळल्यावर मात्र त्यांना राहवेना. "ऐंशीच? आमचं पंच्याण्णवला निघायचं!" मी म्हटलं, अण्णा, जास्त शुद्ध केलं तर चव जाते. त्यांनी तांब्याच्या कॉलमकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे घाण मुद्दाम ठेवायची आणि तिलाच टेस्ट म्हणायचं." खरं सांगू का, बर्बनवर इतकं नेमकं मी कुठेच वाचलेलं नाही. पिंप एकदाच वापरतात हे ऐकून तर ते उधळपट्टी, उधळपट्टी म्हणत राहिले, ती रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात, आपल्या गोव्यातसुद्धा व्हिस्की मुरवायला येतात, असं सांगितलं तेव्हा कुठे शांत झाले.

शेवटी टेस्टिंग रूम. प्रत्येकासमोर छोटे छोटे ग्लास. अण्णांनी गळ्यातली माळ दाखवून हात जोडले, पण वास घ्यायला हरकत नाही म्हणाले. नाकाखालून एक ग्लास नुसता फिरवला. "काकवी आहे. आणि मागून मिरी." दुसरा. "हा मऊ आहे, मिरी नाही, यात गहू असणार." गाइडने कार्ड बघितलं. पहिल्यात राय नावाचं धान्य होतं, दुसऱ्यात रायच्या जागी गहू. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मी तोच दुसरा ग्लास तोंड किंचित उघडं ठेवून हुंगला. कपाट. सागवानी.

अण्णांनी आपले सगळे ग्लास माझ्याकडे सरकवले. "घ्या, सावकाश चावा. गाडी आमची पोरगी चालवेल."

"चालवते की," बायको म्हणाली, "पण घरी पोचेपर्यंत कुणी कसलाही वास सांगायचा नाही."