सर्वेवाल्याला परत पाठवू नका: इंदूरच्या दुकानदारांत फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

इंदूरच्या व्यापारी ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: नगर निगमचे लोक 'संपर्क' किंवा सर्वे म्हणून आले तर एक अक्षर सांगू नका, सांगितलेली विक्री थेट जीएसटीला जाते, मालमत्ता कर वाढतो, येणाऱ्यांत निम्मे ठग असतात, आणि ठेलेवाल्याने नाव दिलं की त्याचा ठेला उचलतात. हा सल्ला सगळ्यात जास्त कोणाला बुडवतो? ज्यांच्याकडे मुळात कागद कमी आहेत त्यांना. राजवाड्याभोवतीचे फेरीवाले, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरात घरून डबे, मसाले, शिवणकाम करणाऱ्या बायका. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

"विक्री जीएसटीला कळते." आधी दारात कोण आहे ते ओळखा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा माणूस असेल तर तो टॅबलेटवर आवक, खर्च आणि कामाला किती माणसं एवढं विचारतो. ही माहिती 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली घेतली जाते आणि ती फक्त आकडेवारीसाठीच वापरायचं बंधन त्याच कायद्यात आहे. निगमचा माणूस दुकानाचं क्षेत्रफळ, व्यवसायाचा प्रकार, परवाना, कचऱ्याची सोय असं विचारतो. तुमच्या वह्या उघडून बघायचा अधिकार त्याला नाही. जीएसटीची तपासणी ही तिसरीच गोष्ट: तिला संयुक्त आयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तो कागद आधी बघायला मागा.

2025 च्या जुलैत कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, त्या यूपीआयच्या व्यवहारांवरून. सर्वेच्या फॉर्मचा तिथे संबंधच नव्हता. गल्ल्यावर क्यूआर कोड लावायचा आणि सर्वेवाल्याला मात्र घाबरायचं, यात अर्थ नाही. शिवाय राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. महिन्याला तीस-चाळीस हजारांचे डबे देणारी बाई या हद्दीच्या कितीतरी आत आहे.

"मालमत्ता कर वाढतो." यात थोडं तथ्य आहे, आणि ते लपवून चालणार नाही. मध्य प्रदेशात हा कर वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे जागेला वर्षाला किती भाडं येईल या अंदाजावर ठरतो: परिक्षेत्र (जागा शहराच्या कोणत्या भागात आहे), बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर, म्हणजे निवासी की व्यावसायिक. विक्री किती होते याचा त्यात कुठेच हिशेब नाही. पण घराच्या पुढच्या खोलीत दुकान असेल आणि स्व-निर्धारणाच्या, म्हणजे आपला कर आपणच मोजून भरायच्या फॉर्मात पूर्ण घर निवासी दाखवलं असेल, तर मोजणीत ते निघणारच. तुम्ही भरलेल्या आणि निगमने काढलेल्या आकड्यात 10 टक्क्यांपेक्षा जास्त तफावत निघाली, तर फरकाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. गप्प राहून ही खोली लपत नाही, बाहेरची पाटी सगळ्यांना दिसते. त्यापेक्षा टेप घेऊन तेवढीच खोली मोजा आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्मात तेवढीच व्यावसायिक दाखवा. सर्वेवाला पूर्ण मजला 'व्यावसायिक' लिहीत असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. ही चूक खरोखर होते, आणि बहुतेक वेळा मालक घरी नसताना, काउंटरवरच्या पोराने उत्तरं दिल्यामुळे होते.

"ठग असतात." असतात. ओळखपत्र बघा, नाव आणि झोन (निगमचा विभाग) लिहून घ्या, झोन कार्यालयात विचारून खात्री करा. ओटीपी, एटीएमचा पिन, रोख पैसे यांतलं काहीही सर्वेला लागत नाही. 'उद्यम नोंदणी करून देतो, पैसे द्या' म्हणणाऱ्यालाही नकार द्या, छोट्या व्यवसायांची ती नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते.

आता ठेल्याचा मुद्दा. संदेशातली सगळ्यात घातक गोष्ट हीच, कारण ती कायद्याच्या बरोबर उलट आहे. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की नगर पथविक्रय समितीने दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वे करायचा, आणि तो पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही हटवायचं नाही. यादीत नाव असणं हेच ठेलेवाल्याचं संरक्षण आहे. रिमूव्हलची, म्हणजे अतिक्रमण हटवणारी गाडी आली की ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला बोलायला आधार असतो. नाव न देणाऱ्याकडे काहीच नसतं. प्रमाणपत्रावरच्या जागेवरून हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते. समितीतही किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेच्या कर्जालाही हेच प्रमाणपत्र कामी येतं: 2025 च्या बदलानंतर पहिला हप्ता 15 हजार, दुसरा 25 हजार, तिसरा 50 हजार. सर्वेत नाव सुटलं असेल तर शिफारसपत्राची सोय आहे.

नाव देताना काय बिघडतं तेही माहीत हवं. पत्ता 'राजवाड्याजवळ' एवढाच लिहिला जातो. कोणत्या दुकानासमोर, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, हे लिहवून घ्या. आधारवर 'दत्तात्रय' आणि फॉर्मात 'दत्ता' असेल तर बँकेत अडतं. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, भाच्याचा नको. ठेला भाड्याने देऊ नका: प्रमाणपत्रधारकाने स्वतः किंवा घरच्यांनी विक्री करायची, ही अट आहे. पावती घ्या, निदान भरलेल्या फॉर्मचा फोटो तरी काढा.

आणि माल उचललाच, तर भांडत बसू नका, जप्तीची सहीनिशी यादी मागा. दंड भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत द्यायचा, असं पथविक्रेता कायद्याच्या कलम 19 मध्ये लिहिलेलं आहे.