तुम्ही टीमचे कॅप्टन आहात आणि चोरून बॅले शिकताय? अभिनंदन, आता एवढं पाळा

समजा तुम्ही सतरा वर्षांचे आहात, शाळेच्या टीमचे कॅप्टन आहात, आणि एक दिवस लॉकरपाशी उभं असताना तुमच्या लक्षात येतं की आपण नुसती मान वळवली तरी मागे कुठूनतरी गिटार वाजतीये. घाबरू नका. तुम्ही स्कूल ड्रामा सिनेमात आहात. तुमच्या हातात पावणेदोन तास आहेत, आणि तेवढ्यात तुम्हाला बॅले शिकायचंय, ते लपवायचंय, पकडलं जायचंय, बापाशी भांडायचंय, बापाला रडवायचंय आणि जमलंच तर फायनलही जिंकायचीये. अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका, या शाळेत वर्ग भरतात ते फक्त बेल वाजून सुटण्यापुरते.

सगळ्यात आधी हे ठरवून टाका की तुम्ही डान्सच्या खोलीत शिरलात कसे. आवड म्हणून शिरलो असं चुकूनही म्हणू नका. एखाद्या धडधाकट मुलाला पियानो ऐकू आला, त्याला वाटलं आपणही हे करून बघावं आणि तो सरळ आत जाऊन विचारता झाला, इतकी भयंकर गोष्ट हा सिनेमा दाखवू शकत नाही. तुम्हाला अपघातानेच आत जावं लागेल. शिक्षा म्हणून कुणीतरी हॉल झाडायला पाठवलं, घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी सुचवलं, किंवा एक मुलगी त्या दारातून आत गेली आणि तुमचे पाय आपोआप तिच्या मागे वळले (हे तिसरं कारण सगळ्यात जास्त चालतं, कारण त्यात प्रेक्षकांना तुमच्याबद्दल जी शंका येऊ शकते ती आल्याआल्याच मिटते. हीच शंका घेऊ नका हे सांगायला सिनेमा काढलाय, पण तरी मिटवलेली बरी).

आत गेलात की लगेच एक सबब तयार ठेवा: बॅलेने खेळ सुधारतो. आता यात खोटं काही नाहीये. अमेरिकन फुटबॉलमधला लिन स्वान लहानपणापासून नाच शिकलेला आणि 1976 च्या सुपर बोलचा, म्हणजे तिथल्या फायनलचा, एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. हर्शेल वॉकर एनएफएलमध्ये, म्हणजे त्याच फुटबॉलच्या लीगमध्ये, खेळत असतानाच 1988 साली फोर्ट वर्थ बॅलेबरोबर स्टेजवर नाचला. इंग्लंडच्या फुटबॉल टीममधल्या रिओ फर्डिनांडला अकराव्या वर्षी लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ बॅलेची स्कॉलरशिप मिळाली होती. ही नावं पाठ करा, कारण सिनेमाच्या मध्यावर कधीतरी कोच दात ओठ खात समोर उभा राहील आणि तेव्हा तुम्हाला बॅलन्स, लवचिकता, फूटवर्क असं घडाघडा म्हणून दाखवावं लागेल. कोच विरघळेल. बॅले माफ होईल, कारण तो उपयोगी निघाला. नाचावंसं वाटलं म्हणून नाचलो एवढं कारण पुरत नाही, गुडघ्याच्या लिगामेंटचं सर्टिफिकेट लागतं. उलट्या बाजूने कधी ऐकलंय का कुणी? बाळा, तुझं प्लिए (बॅलेतलं गुडघे वाकवणं) कच्चं आहे, जरा दोन वर्षं फुटबॉल खेळून ये, असं?

आता गुपिताकडे वळू. गुपित नीट ठेवायचं नाही हे लक्षात असू द्या, नीट ठेवलंत तर इंटरव्हलनंतर करायचं काय? तेव्हा बॅगेची चेन अर्धवट उघडी ठेवा. बॅग लॉकरमध्ये अशी कोंबा की दार उघडताच सगळं बाहेर पडेल, आणि दार उघडण्यासाठी अशी वेळ निवडा की टीममधला सगळ्यात आगाऊ पोरगा बरोबर शेजारी उभा असेल. चोरीचा मामला हळूहळू बोंबला वगैरे इथे चालत नाही, इथे एका फटक्यात पूर्ण कॉरिडॉरभर बोंब झाली पाहिजे.

पण बॅगेतून पडणार काय, यावर जरा विचार करायला हवा. मुलं बॅलेला जे शूज घालतात ते मऊ कॅनव्हासचे किंवा चामड्याचे, चपटे, काळे नाहीतर पांढरे, पायातून काढून ठेवले की एखादा वापरून ढिला झालेला मोजा पडलाय असंच वाटतं. बऱ्याचदा त्याचं इलॅस्टिक आपलं आपणच शिवावं लागतं. म्हणजे पायात घालून, टाच कुठे निसटते ते बघून, पेन्सिलने खूण करून, मग सुईने, आणि टाका शूजच्या कडेतून जी बारीक दोरी फिरते तिच्यात अडकू द्यायचा नाही, नाहीतर ती दोरी परत आवळता येत नाही. गेम संपवून आलेला, हाताची बोटं टेपने बांधलेला पोरगा रात्री दार लावून सुईत दोरा ओवतोय, हा सीन मला बघायला फार आवडला असता. तो कुणी काढणार नाही. कारण तसले शूज लॉकरमधून पडले तर तो आगाऊ पोरगा ते उचलेल, नाकाला लावेल, वास घेऊन फेकून देईल आणि कथा तिथेच थांबेल. म्हणून तुमच्या बॅगेतून गुलाबी सॅटिनचे, लांब रिबिनीवाले पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहायचे) पडतील. ते बहुतेक मुली घालतात, ते तुमच्या मापाचे नसतील, आणि ते तुमच्या बॅगेत आले कुठून हे कुणी विचारणार नाही. तसंच टाइट्सच्या आत मुलांना डान्स बेल्ट नावाचं, आधार देणारं अंतर्वस्त्र घालावं लागतं. त्याबद्दल सिनेमा अवाक्षर काढणार नाही. लाज मोडून काढायला निघालेल्या सिनेमालाही लाज असतेच की.

चिडवाचिडवी सुरू झाली की तुम्ही गप्प बसायचं. तुम्हाला इतिहास माहीत असला तरी गप्पच. फ्रान्सचा चौदावा लुई 1653 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, सूर्य बनून दरबारी बॅलेमध्ये नाचला, पुढे 1661 मध्ये त्याने नृत्याची अकादमी काढली. पॅरिस ऑपेराच्या स्टेजवर पहिल्या व्यावसायिक नर्तिका आल्या त्या 1681 साली, त्याआधी तिथे बायकांच्या भूमिकासुद्धा पुरुषच मुखवटे घालून करायचे. म्हणजे त्या काळी एखादी मुलगीच चोरून शिकायला आली असती. मग एकोणिसाव्या शतकात वारं असं काही फिरलं की 1870 च्या कॉपेलिया या बॅलेमध्ये फ्रान्झ या नायकाचं काम एका बाईने पुरुषी कपडे घालून केलं, कारण पॅरिसच्या लोकांना स्टेजवर पुरुष नर्तक नकोसेच झाले होते. एवढं सगळं तुम्ही त्या आगाऊ पोराला तोंडावर सुनावू शकता. पण तो म्हणाला, अच्छा, असं होय, मला माहीत नव्हतं, सॉरी यार, तर? तर चाळिसाव्या मिनिटाला सिनेमा संपेल आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. त्यापेक्षा खाली मान घाला आणि पावसात एकटे धावा.

आता मोंटाज, म्हणजे महिन्यांची मेहनत तुकड्यातुकड्यांत उरकणारा भाग. हा तुमचा सगळ्यात कष्टाचा काळ, आणि तो एका गाण्याएवढा आहे. पी हळद अन् हो गोरी हे जर कुणी खरंच करून दाखवलं असेल तर ते या गाण्याने. पहिल्या कडव्यात तुम्ही पडता, दुसऱ्यात पडता पण हसता, तिसऱ्यात गोल फिरता आणि बॅले शिकवणाऱ्या बाई खिडकीतून बघून किंचित मान हलवतात. खऱ्या क्लासमध्ये काय होतं हे तुम्हाला कुणी सांगायला आलंच तर कानावर हात ठेवा. तिथे भिंतीलगतचा दांडा धरून प्लिए, मग ताँद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं), मग पुन्हा तेच दुसऱ्या बाजूने, आणि हे फक्त नवशिक्यांना नाही, मोठमोठ्या बॅले कंपन्यांमधले नर्तकही रोज सकाळी तिथूनच सुरुवात करतात. पाय बाहेर वळवायचा तो पावलातून नाही, खुब्यातून. वर्षानुवर्षं धावून तुमच्या मांडीमागचे स्नायू इतके आखडलेत की पाय समोर सरळ उचलताना कंबरच मागे वाकते. गोल फिरताना नजर एका जागी रोखून ठेवायची, अंग वळत राहतं आणि मान शेवटच्या क्षणी झटकन फिरवून नजर परत त्याच जागी आणायची, हे न जमलेला माणूस दोन गिरक्यांत भिंतीला भेटतो. आणि हे सगळं शिकायला शेजारी कोण, तर आठ-नऊ वर्षांच्या पोरी, ज्यांचं तुमच्याआधी बरोबर येतं. या पोरी सिनेमात असतील, पण फक्त तुमच्याकडे बघून खिदळायला.

बाईंबद्दल फार लिहित नाही. एकेकाळी मोठ्या होत्या, गुडघा गेला, हातात काठी, कौतुक शून्य. तुम्हाला दाराबाहेर काढतील आणि दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवतील. बस.

मुद्दा आहे तो त्या मुलीचा, जिच्या मागे तुम्ही आत शिरलात. ती साधारण चार वर्षांची असल्यापासून शिकतीये. तिच्या पायांची नखं काळीनिळी आहेत, वाढदिवस, सुट्ट्या, पिकनिक सगळं त्या खोलीत गेलंय, आणि शाळेत तिला कुणीही याबद्दल कधी शूर म्हटलेलं नाही, कारण मुलीने बॅले करणं यात काय विशेष, मुली करतातच. तुम्ही आल्यावर आधी तिने तुम्हाला तुच्छ लेखायचं असतं (म्हणजे ती गर्विष्ठ ठरते), मग तुम्हाला रात्री जागून फुकट शिकवायचं असतं (म्हणजे ती सुधारली), आणि शेवटी बाई जेव्हा वार्षिक कार्यक्रमाचा मुख्य नाच तुमच्यासाठी बसवतात तेव्हा तिने डोळ्यात पाणी आणून तुम्हाला मिठी मारायची असते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते तुम्हीच, पण इथे ज्याचं बीळ त्यानेच नागोबाला आरती ओवाळायची आहे. तुम्ही तिला उचलता तेव्हा सगळं थिएटर तुमचे दंड बघतं. वर जाताना तिने स्वतः किती जोरात उडी मारली, वर गेल्यावर पोट आणि पाठ किती ताठ धरली, नाहीतर ती ओल्या पोत्यासारखी तुमच्या डोक्यावर आली असती, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. तुम्हीही सांगू नका. मुलाखतीत म्हणा, तिने मला स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवलं.

बापाचं काय करायचं? बाप स्वतः कधीकाळचा खेळाडू, शेल्फवर धूळ खाल्लेल्या ट्रॉफ्या, आई शक्यतो वारलेली आणि वारलेली आई शक्यतो नर्तिका. खऱ्या आयुष्याकडून शिकायला जाऊ नका, ते पटण्यासारखं नसतं. अमेरिकन बॅले नर्तक एडवर्ड व्हिलेलाचंच घ्या. लहानपणी बेसबॉल लागून बेशुद्ध पडला, म्हणून आई त्याला डोळ्यासमोर ठेवायला बहिणीच्या बॅलेच्या क्लासला ओढत न्यायला लागली. पुढे तयार झाला तर घरच्यांनी नाच सोडायला लावून त्याला मर्चंट नेव्हीच्या कॉलेजात घातलं, तिथे तो बॉक्सिंगमध्ये वेल्टरवेट चॅम्पियन झाला, डिग्री घेतली आणि 1957 साली जाऊन न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये दाखल झाला. हे असं लिहून नेलंत तर प्रोड्यूसर म्हणेल, जरा रिअलिस्टिक ठेवा हो, आईला मारून टाका.

शेवटच्या दिवशी फायनल आणि कार्यक्रम एकाच संध्याकाळी असणार. या शाळेचं वेळापत्रक कोण करतं हा माणूस एकदा भेटायला हवा. तुम्ही पहिला हाफ खेळायचा, स्कॉलरशिप देणारा माणूस वही घेऊन बसलेला असताना मैदानातून पळ काढायचा, गुडघ्याला माती तशीच ठेवून स्टेजवर यायचं, आणि तोवर तिकडची मंडळी पडदा धरून थांबलेली असणार. मग टीम येईल. अख्खी, घामेजलेली, मॅच अर्धी टाकून की जिंकून ते विचारू नका. पहिली टाळी तो आगाऊ पोरगाच वाजवणार, मग एक सेकंद गॅप, मग दुसरी. कोच मागच्या रांगेत टोपी काढेल. ज्या मुली त्याच स्टेजवर तुमच्या मागे अर्धवर्तुळ करून एका पायावर उभ्या आहेत, त्यांचे आईबाप कुठल्या रांगेत बसलेत ते दाखवायला वेळ नाहीये.

आणि ती मोठी उडी, ग्राँ जते, ज्यावर पोस्टर बेतलंय, तिचं टेन्शन घेऊ नका. ती तुम्ही मारणार नाही. तुमच्या उंचीचा, तुमच्यासारखेच केस कापलेला एक मुलगा सकाळपासून विंगेत स्नायू गरम ठेवून बसलेला असेल, तो पाठमोरा उडेल, दिग्दर्शक समाधानी होईपर्यंत पुन्हा पुन्हा उडेल. तुम्ही फक्त जमिनीवर टेकल्याचा क्लोजअप द्यायचा आणि धापा टाकायच्या. त्याला सेटवर कधीतरी विचारून बघा की अरे, तू शिकायला लागलास तेव्हा शाळेत तुला कुणी काय म्हटलं, बाप बोलला का, शूज कुठे लपवायचास. तो सांगेलही. फक्त दिग्दर्शकाच्या कानावर जाऊ देऊ नका, नाहीतर म्हणेल स्टोरी चांगली आहे, पुढच्या सिनेमात घेऊ, आणि त्याच्या रोलसाठी परत तुम्हालाच बोलावतील.