विद्युतदाहिनी म्हणजे धूर चंद्रपूरला पाठवणे नव्हे

महापालिकेने एखाद्या स्मशानभूमीत नवी विद्युतदाहिनी बसवण्याचा किंवा जुनी बदलण्याचा निर्णय घेतला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : महाराष्ट्रातली बहुतेक वीज कोळशापासून तयार होते, त्यामुळे विद्युतदाहिनीने प्रदूषण कमी होत नाही, ते फक्त शहरातून कोळशाचे वीजकेंद्र असलेल्या चंद्रपूरला जाते, लाकूड पुन्हा उगवते, कोळसा उगवत नाही, विद्युतदाहिनीत संस्कार होत नाहीत आणि अस्थी एकमेकांत मिसळतात, वीज गेली की देह अर्धवट राहतो, करोनाच्या काळात सुरतेत या दाहिन्या वितळल्या, आणि पुढची पायरी म्हणजे लाकडी चितेवर बंदी. यातली काही विधाने सपशेल चुकीची आहेत, काही अर्धी खरी आहेत आणि एक खरी तक्रार त्यात जवळजवळ आलेलीच नाही. ती वेगवेगळी करून पाहायला हवीत, कारण हा मजकूर ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तिथेही पोहोचतो आणि ‘लाकडावर न्यायचे की दाहिनीत’ हा प्रश्न त्याच्या आधारे तासाभरात निकाली काढला जातो.

आधी कोळशाचा हिशेब करू. एका चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग कार्बन असतो. ओलाव्याचे वजन वगळले तरी 300 किलो लाकूड जळताना 450 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दुसरीकडे, देशातल्या ग्रिडमधून, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातून, येणाऱ्या एका युनिट विजेमागे सरासरी 0.7 किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तापलेली आणि नीट राखलेली दाहिनी बरीच कमी वीज घेते, तरी मी मुद्दाम एका दहनाला 200 युनिट धरतो. त्यामागचा कार्बन डायऑक्साइड साधारण 145 किलोवर येतो. ही सगळी वीज निव्वळ कोळशाचीच होती असे मानले, तरी तो 200 किलोच्या आसपास थांबतो. म्हणजे ‘प्रदूषण तेवढेच, फक्त जागा बदलली’ हे विधान मजकूर लिहिणाऱ्याच्या सोयीची गृहीतके घेऊनही टिकत नाही.

चंद्रपूरचा उल्लेख मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तिथले लोक राखेचा आणि धुराचा त्रास वर्षानुवर्षे सोसत आहेत आणि त्यांची तक्रार खरी आहे. पण तिथले औष्णिक वीजकेंद्र 2920 मेगावॉट क्षमतेचे आहे. पूर्ण क्षमतेने चालताना ते 200 युनिट वीज पाव सेकंदात तयार करते. चंद्रपूरकरांना दिलासा द्यायचा असेल तर राख अडवणारी यंत्रणा, जुने संच आणि पर्यायी वीजनिर्मिती यांबद्दल आग्रह धरायला हवा. पुण्या-मुंबईत लाकूड जाळत राहिल्याने त्यांच्या छपरांवरची राख कमी होणार नाही. शिवाय आपल्याकडे सूर्यास्तानंतर दहन टाळण्याची रीत अनेक घरांत अजून पाळली जाते, त्यामुळे दाहिनीची बरीचशी वीज दिवसाच लागते, म्हणजे नेमकी सौरवीज उपलब्ध असते त्या वेळी. ग्रिड जसजसा स्वच्छ होईल तसतशी हीच दाहिनी काहीही न बदलता स्वच्छ होत जाईल. लाकडाच्या बाबतीत असे घडू शकत नाही.

‘लाकूड पुन्हा उगवते’ या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्याला अट आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लावले गेले आणि ते वीस-तीस वर्षे जगले, तरच तो कार्बन परत शोषला जातो. रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या स्मशानात वापरल्या जात असतील, तर कार्बनच्या हिशेबात त्यांना सूट द्यायला माझी हरकत नाही. मात्र धुराला ही सूट लागू होत नाही. फांदी छाटलेली असो वा झाड मुळापासून तोडलेले असो, उघड्यावर जळणाऱ्या सरणातून निघणारी काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण तेवढेच असतात, आणि ते माणसाच्या नाकाच्या उंचीवर बाहेर पडतात.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात काय होते ते आठवून पाहावे. लाकूड ओले असते, सरण धुमसत राहते, मग कोणीतरी रॉकेल किंवा डिझेल ओततो, काही ठिकाणी जुने टायर घातले जातात. तिरडीवरच्या शाली बहुधा पॉलिएस्टरच्या असतात, हारांत प्लास्टिक असते, आणि ते सगळे देहाबरोबर जळते. नातेवाईक तासाभराने घरी परततात. जो कर्मचारी लांब बांबूने सरण सावरत, निसटलेले ओंडके पुन्हा आत ढकलत त्या धुरात उभा असतो, तो संध्याकाळपर्यंत तिथेच असतो आणि दुसऱ्या दिवशीही असतो. अशा कर्मचाऱ्यांपैकी अनेक जण कंत्राटी आहेत आणि तोंडाला बांधलेला रुमाल एवढेच त्यांचे संरक्षण असते. पर्यावरणाच्या नावाने लाकडाची बाजू घेणाऱ्या या मजकुरात त्या माणसाचा एका शब्दानेही विचार केलेला नाही.

आता धर्माचा मुद्दा. विद्युतदाहिनी हा हिंदू रीतीवर अलीकडे झालेला आघात आहे, असा मजकुराचा सूर आहे. ज्यांना ती नवी वाटते त्यांनी 1966 हे वर्ष लक्षात घ्यावे. त्या वर्षी 26 फेब्रुवारीला विनायक दामोदर सावरकर यांचे निधन झाले आणि त्यांच्या देहाचे दहन मुंबईत सोनापूरच्या विद्युतदाहिनीत झाले. दहाव्या-तेराव्याचे विधी करू नयेत, असेही त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यांना हिंदूविरोधी म्हणण्यास हा मजकूर पाठवणारेही धजावणार नाहीत.

अर्थात प्रत्येकाला विधी टाळायचे नसतात, आणि टाळावेही लागत नाहीत. खांद्यावर मडके घेऊन तीन प्रदक्षिणा घालणे, प्रत्येक फेरीला दगडाने मडक्याला छिद्र पाडणे, ते मागे टाकून फोडणे, मुखात तुळस आणि पाणी घालणे, हे सारे दाहिनीच्या दारासमोरच्या ओट्यावर होते. गुरुजी मंत्राग्नी देववतात, पेटता कापूर देहावर ठेवला जातो, मग ट्रॉली रुळांवरून आत सरकते आणि दार खाली येते. कपालक्रिया, म्हणजे कवटी फोडण्याचा विधी, चितेप्रमाणे करता येत नाही हे खरे आहे. अनेक गुरुजी ती प्रतीकात्मक करवून घेतात. ज्यांना तेवढे पुरेसे वाटत नाही, त्यांचा लाकडाचा आग्रह मी समजू शकतो. परंतु ‘संस्कारच होत नाहीत’ हे विधान ज्याने दाहिनीत अंत्यविधी प्रत्यक्ष पाहिला आहे तो करणार नाही.

अस्थी मिसळण्याच्या शंकेला उत्तर साधे आहे. भट्टीत एका वेळी एकच देह जातो, आणि पुढचा देह घेण्यापूर्वी आधीच्या अस्थी व राख ओढून ट्रेमध्ये काढाव्या लागतात. दीड-दोन तासांत त्या हाती येतात, त्यामुळे राख सावडायला तिसऱ्या दिवसाची वाट पाहण्याचीही सक्ती राहत नाही. शंका असेल तर ‘आमच्यासमोर काढा’ असे कर्मचाऱ्याला सांगण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट : मृताला पेसमेकर बसवलेला असेल तर तो आधी काढून घ्यावा. त्यातील बॅटरीचा स्फोट होऊ शकतो, चितेवर आणि दाहिनीतही.

वीज गेल्यावर देह अर्धवट राहतो, ही भीती भट्टीची रचना माहीत नसल्यामुळे निर्माण झाली आहे. आतल्या भिंती उष्णतारोधक विटांच्या असतात आणि सातशे-आठशे अंशांपर्यंत तापलेल्या त्या विटा तासन्‌तास निवत नाहीत. एकदा पेटलेला देह त्या उष्णतेत जळत राहतो. हवा खेचणारा पंखा बंद पडल्याने त्या वेळी धूर वाढतो, म्हणून जनरेटर हवाच. खरी अडचण निराळी आहे. तापणारी कॉइल तुटली तर भट्टी पूर्ण निवल्याशिवाय आत हात घालता येत नाही, आणि दुरुस्तीत दिवस जातात. त्यामुळे मोठ्या स्मशानभूमीत एकच दाहिनी असून भागत नाही, किमान दोन लागतात.

सुरतेचे उदाहरण तर चुकीचेच दिले जाते. एप्रिल 2021 मध्ये तिथे ज्यांच्या लोखंडी चौकटी वितळल्या त्या गॅसदाहिन्या होत्या, आणि त्या न थांबता रात्रंदिवस चालवल्या जात होत्या. त्या परिस्थितीत कोणतेही यंत्र मोडले असते. लाकूडही अनेक गावांत संपले होते. गंगा कृती आराखड्याखाली वाराणसीच्या हरिश्चंद्र घाटावर उभारलेल्या विद्युतदाहिनीचे रडगाणे बेभरवशाच्या विजेचे होते, हे मान्य. पण त्याच गंगेच्या खालच्या अंगाला कोलकात्यात केवडातला आणि निमतला इथल्या विद्युतदाहिन्या कित्येक दशके चालत आहेत आणि तिथल्या सर्वसामान्य माणसाचे अंत्यसंस्कार प्रामुख्याने त्यांतच होतात.

सक्तीबद्दल थोडक्यात : करोनाने मृत्यू झालेल्यांचे देह त्या काळात दाहिनीकडेच पाठवले जात होते, त्याची कटू आठवण अनेक कुटुंबांच्या मनात आहे. मात्र तो नियम साथीपुरता होता. नवी दाहिनी बसवल्याने लाकडाचे ओटे आपोआप बंद होत नाहीत; मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्मशानभूमींत दोन्ही सोयी शेजारी-शेजारी आहेत.

जी तक्रार खरी आहे ती या मजकुरात जवळजवळ नाहीच. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी आहे, गॅसदाहिनीही आहे, आणि तरीही आसपासच्या रहिवाशांना धुराचा त्रास झाला. प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. याचा अर्थ विद्युतदाहिनी निरुपयोगी आहे असा नाही. वीज फक्त उष्णता पुरवते. देह, कपडे आणि शाली जळण्याचा धूर उरतोच, आणि तो दुसऱ्या कक्षात पुन्हा जाळून, पाण्याच्या फवाऱ्यातून म्हणजे स्क्रबरमधून धुऊन, उंच चिमणीतून सोडावा लागतो. दातांत भरलेल्या चांदीतला पारा तर साध्या स्क्रबरने पुरेसा अडतही नाही. दाहिनी घ्यायची आणि स्क्रबरचे पाणी बदलायचे नाही, पंखा बिघडला तरी तसेच चालवायचे, असे झाले तर लोकांचा विश्वास उडतो, आणि मग असले मजकूर खरे वाटू लागतात.

लहान नगरपरिषदांनी मात्र मोठ्या शहरांचे अनुकरण डोळे मिटून करू नये. थंड भट्टी तापवायला काही तास आणि बरीच वीज लागते. दिवसाला एखादाच देह येणाऱ्या गावात वर मांडलेला हिशेब उलटू शकतो. तिथे निम्म्याहून कमी लाकडात काम भागवणारी, हवा खेळती ठेवणारी सुधारित लोखंडी चौकट आणि वर धुराडे असलेली शेड अधिक शहाणपणाची ठरेल. रोज अनेक दहने होणाऱ्या शहरात दाहिनीच योग्य आहे.

म्हणून आपल्या प्रभागात निविदा निघाली की नगरसेवकाला विचारण्यासारखे प्रश्न हे आहेत : एका दहनाला किती युनिट लागतील याची हमी पुरवठादार देतो का, दुसरा ज्वलनकक्ष आणि स्क्रबर किमतीत धरले आहेत का, जनरेटर पंख्यासह पूर्ण भार पेलतो का, चिमणीतल्या धुराची तपासणी दर किती महिन्यांनी होणार आणि तिचा अहवाल स्मशानभूमीच्या फलकावर लागणार का, आणि पाच वर्षांच्या देखभालीचा करार कोणाच्या नावे आहे.