गोणीत काय भरताय ते आधी बघा

"जुने कपडे गोणीत कोंबले की लक्ष्य तयार" हे तिरंदाजीच्या सरावासाठी घरीच लक्ष्य बनवण्यावरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं, कारण मीही तेच समजून बसलो होतो. कपडे बाण थांबवतात हे खरं. पण त्यांची बटणं, चेन, हूक आधी कापून काढायला हवेत, हे लेखात कुठेच नाही. माझा कार्बनचा एक बाण पँटच्या चेनवर आदळून टोकाशी चिरला. असा चिरलेला बाण पुन्हा चढवायचा नसतो, सुटताना फुटला तर तुकडे थेट हातात घुसतात. झालं, फुकटच्या लक्ष्यापायी बाण गेला! शिवाय गोणी सैल भरली तर बाण आरपार जातो. थोडं भरायचं, पायाने चेपायचं, मग पुढचं. कपडे हळूहळू खाली बसतात, वर पोकळी होते, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते.

पुठ्ठ्यांचा पर्याय मात्र एका ओळीत उरकलाय, आणि माझ्या मते तोच जास्त चांगला. सारखे कापलेले पुठ्ठे एकावर एक रचून, वर-खाली फळ्या देऊन पट्ट्याने करकचून आवळायचे आणि बाण कडांच्या बाजूने मारायचा, सपाट बाजूने नाही. तो थरांमध्ये शिरतो आणि दोन्हीकडच्या घर्षणाने थांबतो. मधला भाग झिजला की पट्टा सोडून थरांची अदलाबदल करायची. माझी थप्पी अशी तीनदा उलटसुलट झालीय, अजून टिकून आहे. टोकाला धारदार पाती असलेले बाण मात्र यावर नकोतच, पुठ्ठ्याच्या चिंध्या होतात.