वगळल्याने काय सुटते? समाविष्ट गावांवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिकेच्या हद्दीला लागून असलेली आणि हद्दीच्या पोटात अडकलेली गावे शहरात घेणे आवश्यकच होते, किंबहुना ती वीस वर्षे आधी घ्यायला हवी होती, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण मांजरी बुद्रुकहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठवली. आपले म्हणणे थोडक्यात असे : महापालिकेत आल्यापासून कराची बिले वाढली, पाणी मात्र टँकरचेच राहिले, पूर्वी सरपंचाला चावडीवर गाठता येत होते, आता कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे हेच कळत नाही, फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी बाहेर पडून शहाणपणा केला, आणि माझ्यासारखे शहरात राहणारे लोक हद्दवाढीची बाजू घेतात ती बांधकाम व्यावसायिकांच्या सोयीसाठी. शेवटी आपण विचारले आहे की मग उपाय काय, तो सांगा.

आपल्या पहिल्या तीन तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मी कमी लेखणार नाही. परंतु त्यांवरून आपण जो निष्कर्ष काढला आहे, म्हणजे गावे शहराबाहेरच बरी होती, तो मला मान्य नाही.

सुरुवात १९९७ पासून करावी लागेल. त्या वर्षी पुण्याभोवतीची ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली. स्थानिक विरोध झाला, राजकीय दबाव आला आणि पुढे काही वर्षांतच १५ गावे पूर्णपणे व ५ गावे अंशतः वगळण्यात आली. या अंशतः वगळण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, पण माझ्या मते आजच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तिथे आहे. एकाच गावाचा एक भाग महापालिकेत आणि दुसरा ग्रामपंचायतीत, असे जमिनीचे तुकडे त्यातून तयार झाले. २०१७ च्या अधिसूचनेत लोहगावचा उर्वरित भाग, मुंढव्याचे केशवनगर, हडपसरची साडेसतरा नळी अशा नोंदी आहेत त्या यामुळेच. बावधनचे तर खुर्द शहरात आणि बुद्रुक बाहेर, अशी स्थिती २०२१ पर्यंत होती. मुंढव्याहून केशवनगरात शिरताना रस्ता तोच, वस्ती सलग, माणसे कामाला त्याच मगरपट्ट्यात आणि खराडीत जाणारी. पण हद्दीच्या अलीकडे सांडपाण्याची वाहिनी महापालिकेने टाकायची आणि पलीकडे ती ग्रामपंचायतीने, जिच्याकडे तेवढा निधीही नव्हता आणि अभियंतेही नव्हते.

या मधल्या काळात ही गावे गावे राहिली नाहीत. शहरातील जागांचे भाव परवडेनासे झालेले लोक हद्दीच्या पलीकडे गेले. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, बैलगाडीच्या वाटेवर सहा-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. गावठाणाबाहेर बांधकामाला परवानगी देणे हा ग्रामपंचायतीचा अधिकारच नव्हता, तरी तिच्या ना-हरकत पत्रावर कितीतरी इमारती उठल्या आणि घरे घेणाऱ्यांना ते पत्र म्हणजेच परवानगी असे सांगण्यात आले. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) स्थापना २०१५ मध्ये झाली, तोपर्यंत व्हायचे ते बरेचसे होऊन गेले होते. आज महापालिका तिथे जलवाहिनी टाकायला जाते तेव्हा वाहिनी टाकायला रस्त्याला रुंदीच नसते, आणि पंपिंग स्टेशनला जागा मागितली तर ती कोणाच्यातरी सात-बाऱ्यावर असते. आपण विलीनीकरणाचे म्हणून जे परिणाम मोजता आहात त्यांतील पुष्कळसे विलीनीकरण लांबल्याचे परिणाम आहेत.

हद्दवाढ कोणी मागितलीच नव्हती, असे आपल्या प्रतिक्रियेत सूचित होते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. हवेली तालुका नागरी कृती समितीने गावांच्या समावेशासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि त्या खटल्यातच राज्य शासनाने आधी ११ गावे आणि उरलेली २३ पुढील तीन वर्षांत घेण्याची हमी दिली. ४ ऑक्टोबर २०१७ रोजी ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुकसह २३. याचिका करणारे लोक याच गावांतले होते. त्यांना शहर हवे होते ते पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांसाठी.

आता पाण्याकडे येतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत रास्त संताप पाण्याविषयी आहे. मी सिंहगड रस्त्यावर वडगावला राहतो. आमच्यापासून थोड्याच अंतरावरील नांदेड, किरकटवाडी या गावांत आणि आसपासच्या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. धडधाकट माणसांचे हातपाय आठवड्याभरात लुळे पडत होते, काही जण महिनोन्‌महिने व्हेंटिलेटरवर होते, काही दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. त्या वेळी सर्वांसमोर आलेली गोष्ट अशी की खडकवासला धरणाला लागून असलेल्या या गावांना मिळणारे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून येतच नव्हते; ते नांदेडच्या विहिरीत घेऊन, जंतुनाशक मिसळून तसेच पुढे सोडले जात होते. ही व्यवस्था ग्रामपंचायतीच्या काळापासूनची होती. २०२१ मध्ये गावे महापालिकेकडे आली, विहीर महापालिकेकडे आली, आणि साडेतीन वर्षे तिच्यात मूलभूत फरक पडला नाही.

या घटनेचा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो, याची मला जाणीव आहे. आपण म्हणाल, पाहा, महापालिकेने काय केले? मी म्हणेन की महापालिकेने केले नाही हे अक्षम्य आहे. पण ते पाणी गाळून देण्याची कुवत, केंद्र उभारायला लागणारा पैसा आणि धरणातील मंजूर कोटा या तिन्ही गोष्टी ग्रामपंचायतीकडे नव्हत्या आणि कधी येणारही नव्हत्या. उद्रेकानंतर लोकांनी जाब महापालिकेला विचारला, आणि तो विचारता आला याचे कारण ती जबाबदारी आता तिची होती. मोठ्या जलवाहिन्यांना किती वर्षे लागतात हेही इथे पाहावे. पूर्व पुण्यासाठीची भामा-आसखेड योजना जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या काळात मंजूर झाली आणि तिचे पाणी यायला २०२१ उजाडले. ज्या संस्थेला अशी कामे करायची आहेत तिच्याकडे गाव वीस हजारांच्या वस्तीचे असताना आले तर वाहिनी वस्तीच्या आधी टाकता येते. ते लाख-दीड लाखाचे झाल्यावर आले, तर मधल्या वर्षांत टँकर येतात. वाघोली, उंड्री आणि पिसोळीच्या सोसायट्या आज त्याच मधल्या वर्षांत अडकल्या आहेत, आणि आपणही.

पाण्याचा आणखी एक पैलू आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आंबिल ओढा उगम पावतो तो कात्रजच्या वरच्या अंगाला, मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर निंबाळकरवाडी या गावांच्या डोंगरउतारांवर. तिथून तो कात्रजच्या तलावात येतो आणि पुढे अरण्येश्वर, दांडेकर पूल या दाट वस्तीतून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याने जे केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. भिंती कोसळल्या, माणसे झोपेत वाहून गेली. त्या रात्री ओढ्याचा उगम एका शासनसंस्थेकडे होता आणि त्याचा पूर दुसरीकडे. वरच्या टेकड्या फोडून सपाटीकरण चालले होते त्यावर शहराचा अधिकार नव्हता, आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ते चालले होते त्यांच्यापैकी कोणाच्याही घरात पाणी शिरणार नव्हते. ही तिन्ही गावे महापालिकेत आली ती पुराच्या जवळपास दोन वर्षांनंतर. ओढा, भूजल आणि कचरा यांना हद्द कळत नाही. निदान त्यांची जबाबदारी तरी एका हाती असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कचऱ्याचे नाव निघाले म्हणून फुरसुंगी आणि उरुळी देवाचीकडे येतो. या दोन गावांवर पुणे शहराने दीर्घकाळ अन्याय केला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात उघड्यावर टाकला गेला आणि विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, ते पूर्णपणे न्याय्य होते. त्याच वर्षी दोन्ही गावे महापालिकेत आली. पण कराच्या बिलांवरून असंतोष वाढला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. आपण याला सुटका म्हणता. मला प्रश्न पडतो तो असा की गावे वगळली म्हणून डेपो हलला का? तो जिथे होता तिथेच आहे. फरक एवढाच की आता तिथल्या मतदाराला पुण्याच्या महापौराला आणि आयुक्तांना शहराचा नागरिक म्हणून जाब विचारता येत नाही. ज्या शहराने आपल्या गावात घाण केली त्या शहराच्या अंदाजपत्रकावरचा हक्क त्यांनी कमी करबिलाच्या बदल्यात सोडला. हा सौदा त्यांच्या हिताचा झाला असे मला वाटत नाही. तिथे सुरू झालेल्या नगररचना योजना, नियोजित रस्ते आणि पाण्याची कामे आता नव्या, लहान नगरपरिषदेने कोणत्या बळावर पुढे न्यायची?

प्रतिनिधित्वाचा आपला मुद्दा मात्र मी जसाच्या तसा स्वीकारतो, आणि माझ्या मूळ भूमिकेइतक्याच ठामपणे तो पुढे मांडू इच्छितो. २०१७ च्या ११ गावांना २०१९ मध्ये मिळून एक प्रभाग आणि दोन नगरसेवक मिळाले. शहराच्या ईशान्येचे लोहगाव आणि नैर्ऋत्येची धायरी एकाच प्रभागात! नकाशावर बोट ठेवून पाहिले तरी हे किती अशक्य होते ते कळते. २०२१ च्या २३ गावांच्या ग्रामपंचायती विसर्जित झाल्या आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपून प्रशासक आला, म्हणजे आपल्याला सरपंच गेल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवक मिळालाच नाही. त्याआधी, २०२१ मध्येच त्या गावांचे नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएची नेमणूक झाली. बांधकामाचे नकाशे आणि त्यांचे विकासशुल्क एका संस्थेकडे, आणि त्या इमारतींचे सांडपाणी उचलायचे दुसऱ्या संस्थेने, अशी ही रचना होती. आपल्याला कोणाकडे जायचे ते कळत नव्हते, कारण उत्तर देऊ शकणारे कोणी नेमलेलेच नव्हते.

ग्रामसभा हा जो आपण हरवलेला हक्क म्हणता, त्याचे शहरी रूप कायद्यात आहे. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. आपल्या भागातील मतदारांनी एकत्र बसून कामांची मागणी ठरवावी अशी ती कल्पना आहे. ती कागदावरून रस्त्यावर आलीच नाही. ग्रामसभा कधी कधी चार जणांच्या सह्यांवर उरकली जाते हे आपल्यालाही ठाऊक असेल, पण ती बोलावणे बंधनकारक होते आणि हिशेब मागायला जागा होती. विलीन झालेल्या गावाला ती जागा पहिल्या दिवसापासून मिळायला हवी होती.

बांधकाम व्यावसायिकांच्या सोयीबद्दल इतकेच सांगतो : त्यांची खरी सोय नियमन ढिले असलेल्या बाहेरच्या गावांत होती. हद्दवाढीने भाव वाढतात हे खरे, पण भाव वाढायला हद्द यायची वाट कोणी पाहिली नाही.

आता उपाय. कराच्या बाबतीत टप्प्याटप्प्याने वाढ करण्याची पद्धत कायद्यात आहेच. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि मग दरवर्षी थोडा वाढवत कर पूर्ण दरावर नेला जातो. माझे म्हणणे असे की हा जिना कॅलेंडरला न बांधता सेवांना बांधावा. शुद्ध पाण्याची वाहिनी सुरू झाली की पाणीपट्टीचा टप्पा, सांडपाण्याची वाहिनी जोडली की त्याचा टप्पा. अनधिकृत इमारतींतील सदनिकाधारकांवर तिपटीने होणाऱ्या आकारणीचाही वेगळा विचार व्हावा, कारण ज्याने ना-हरकत पत्रावर विश्वास ठेवून घर घेतले त्याला आणि ज्याने ते विकले त्याला एकाच मापाने मोजता येत नाही. सवलत किंवा स्थगिती मिळाली तर घ्यावी, पण ती मागण्यात सगळी शक्ती खर्च होऊ नये, कारण कर थांबला की कामे न करण्यालाही महापालिकेला कारण मिळते.

तोपर्यंत आपल्या सोसायटीने एक गोष्ट करावी अशी विनंती आहे. माहितीच्या अधिकारात दोनच प्रश्न विचारा : मांजरी बुद्रुकमधून २०२१ पासून प्रत्येक वर्षी मिळकतकर किती जमा झाला, आणि त्याच वर्षी पाणी, सांडपाणी व रस्ते या तीन शीर्षांखाली गावात किती खर्च झाला. वाघोलीतील आणि नांदेडमधील परिचितांनाही मी हेच अर्ज करायला सांगितले आहे. उत्तरे मिळाली की तिन्ही गावांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पुढचा लेख लिहीन, आणि ते आकडे आपल्या बाजूने गेले तर तसे लिहीन.