मित्सुदांच्या पदकाचं काय करायचं?

केन्सुके मित्सुदा या जपानी डॉक्टरांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. कुष्ठरोगावर काम केलेल्या जुन्या डॉक्टरांना मात्र ‘मित्सुदा टेस्ट’ विचारा, लगेच सांगतील. हातावर लेप्रोमिन (मारलेल्या कुष्ठजंतूंपासून केलेलं द्रव) टोचायचं आणि तीन-चार आठवड्यांनी गाठ उठते का ते बघायचं. रुग्णाचं शरीर जंतूला किती तोंड देतंय याचा त्यावरून अंदाज येतो. जपानचं सांस्कृतिक पदक मिळवणारे तेच हे मित्सुदा.

माणूस कामाला वाघ. टोकियोत निराधारांच्या आश्रमात तरुणपणीच त्यांनी कुष्ठरुग्णांची शुश्रूषा सुरू केली. पुढे ओकायामाजवळच्या नागाशिमा बेटावर जपानचं पहिलं राष्ट्रीय कुष्ठधाम उभं राहिलं, त्याचे हे पहिले संचालक. १९५७ पर्यंत तिथेच. सगळं बेट म्हणजे एक कुटुंब आणि आपण त्याचे वडील, अशी त्यांची धारणा.

आणि या कुटुंबात काय चालायचं? आल्या आल्या जंतुनाशक पाण्याने अंघोळ. जवळचे पैसे काढून घ्यायचे आणि बदल्यात फक्त कुष्ठधामात चालणारी नाणी द्यायची, म्हणजे पळालं तरी होडीवाल्याला द्यायला खिशात काही नाही. अनेकांनी घरच्यांची अब्रू जपायला नावंसुद्धा बदलली. लग्न करायचं तर आधी नसबंदी. ही प्रथा मित्सुदांनी १९१५ मध्ये, बेटावर येण्याआधीच्या रुग्णालयात सुरू केली. कायद्याचा आधार तिला १९४८ साली मिळाला!

यावर ठरलेलं उत्तर येतं: “अहो, तो काळच तसा होता.” मला हे अजिबात पटत नाही. त्याच काळात क्योतोमध्ये नोबोरू ओगासावारा नावाचे डॉक्टर रुग्णांना बाह्यरुग्ण म्हणून तपासत होते. हा रोग सहजासहजी लागत नाही, माणसं डांबून ठेवायची गरज नाही, असं उघड म्हणत होते. १९४१ च्या कुष्ठरोग परिषदेत समव्यवसायिकांनी त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं. म्हणजे दुसरा रस्ता डोळ्यांसमोर होता.

पुढचं तर काळावर ढकलताच येत नाही. युद्धानंतर प्रोमिन हे कुष्ठरोगावरचं औषध आलं, रुग्ण बरे होऊ लागले. १९५१ मध्ये मित्सुदांना जपानचं सांस्कृतिक पदक मिळालं आणि त्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे त्यांनी रुग्णांना वेगळं ठेवण्याची सक्ती आणखी कडक करा अशी साक्ष दिली. १९५३ च्या नव्या कायद्यात विलगीकरण कायम राहिलं, ते थेट १९९६ पर्यंत. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि सरकारने अपीलही केलं नाही.

टेस्टला त्यांचं नाव खुशाल राहू दे, ती त्यांची कमाई आहे. पदकाच्या उल्लेखाशेजारी मात्र ती साक्षही छापा, त्याच ओळीत.